डोंगर न चढता काढलेले नकाशे

विरजण किती घालावे, या प्रश्नाला घरातले जाणते माणूस एक आकडा सांगत नाही. उन्हाळ्यात थेंबभर पुरते. थंडीत चमचाभर लागते, दूध जरा जास्त कोमट करावे लागते आणि भांडे उबेला ठेवावे लागते. विरजणाचे योग्य प्रमाण तापमानावर अवलंबून आहे आणि लागणारा वेळ या दोन्हींवर, असा हा गुंता आहे. स्वयंपाकघराने तो केव्हाच मान्य केला आहे. विज्ञानाच्या वर्गात मात्र आपण शिकवतो ते असे: प्रयोग करताना एका वेळी एकच घटक बदलावा, बाकीचे सगळे स्थिर ठेवावेत.

हा नियम चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. लंबकाचा आवर्तकाल दोरीच्या लांबीवर अवलंबून आहे की गोळ्याच्या वस्तुमानावर, हे ठरवताना तो उत्तम कामाला येतो, कारण तिथे हे घटक एकमेकांच्या कामात लुडबूड करत नाहीत. जिथे ते करतात, म्हणजे रसायनांच्या पात्रात, जिवाणूंच्या चंबूत, पिकाच्या वाफ्यात, तिथे हाच नियम आपल्याला खात्रीपूर्वक चुकीच्या जागी नेऊन उभा करतो. या अडचणीवर संख्याशास्त्राने सत्तर वर्षांपूर्वी एक सुंदर उपाय शोधला. तो उपाय आज आपल्या संशोधनात सर्रास वापरला जातो, आणि बहुतेक वेळा तो न समजता वापरला जातो, हे या लेखाचे दुखणे आहे.

आधी अडचण पाहू. झाडाच्या सालीतून रंग काढायचा आहे. तापमान आणि वेळ हे दोन घटक आपल्या हातात आहेत. तापमानाला दहाने भागून येणाऱ्या अंकाला त म्हणू (४० अंश सेल्सिअस म्हणजे त = ४), आणि तासांना व. मिळणाऱ्या रंगाची टक्केवारी अशी समजू:

उत्पादन = ९० − ४(त + व − १०)² − ¼(त − व − ६)²

सूत्र आम्ही मुद्दाम रचले आहे. खरी साल इतक्या शिस्तीने वागत नाही. विद्यार्थ्यांना ते अर्थातच सांगायचे नाही. निसर्गही सांगत नाही.

विद्यार्थी वेळ सहा तास ठेवतो आणि तापमान बदलत जातो. ३० अंशांना ६५.७५ टक्के रंग मिळतो, ४० ला ७४, ५० ला ७३.७५, ६० ला ६५. ठरले, ४० अंश सर्वोत्तम. आता तापमान ४० वर पक्के करून वेळ बदलायची. पाच तासांना ७३.७५, सहाला ७४, सातला ६५.७५. निष्कर्ष: ४० अंश, सहा तास, ७४ टक्के. वहीत आलेख दोन, दोन्ही छान टेकडीसारखे, शिक्षकांची सही. प्रत्यक्षात ८० अंश आणि दोन तास घेतले असते तर ९० टक्के रंग मिळाला असता. (४० आणि ५० अंशांत फरक फारसा नाही, म्हणून कोणी ५० निवडले तर त्याची गाडी ८१ टक्क्यांवर जाऊन थांबते. सूत्रात अंक घालून पाहावे.)

असे का होते, हे भूगोलाच्या शिक्षकांना लगेच कळेल. तापमान एका अक्षावर, वेळ दुसऱ्यावर, आणि प्रत्येक बिंदूवर मिळणारे उत्पादन ही त्या जागेची उंची, असे मानले तर एक डोंगर तयार होतो. समान उत्पादनाचे बिंदू जोडले की समोच्च रेषा मिळतात. या डोंगराला इंग्रजीत जे नाव आहे त्याला मराठीत प्रतिसाद-पृष्ठ म्हणता येईल. आपला डोंगर गोल टेकडीसारखा नाही. ती नकाशावर तिरकी पसरलेली लांबट धार आहे. जो माणूस फक्त पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण चालायचे असे व्रत घेऊन निघाला आहे, त्याला त्या धारेवर कुठेही उभे केले तरी चारही बाजूंना उतारच दिसतो. तो तिथेच झेंडा रोवतो. तिरके एक पाऊल टाकले असते तर चढ लागला असता.

आता ४० अंश आणि सहा तास या जागेभोवती चार कोपरे घेऊन पाहू. ३० अंश व पाच तास: ५८. ५० अंश व सात तास: पुन्हा ५८. ३० अंश व सात तास: ६५. ५० अंश व पाच तास: ८१. एवढ्या चार प्रयोगांत तीन गोष्टी हाती लागतात. तापमान वाढवल्याचा सरासरी फायदा ८ टक्के, वेळ कमी केल्याचा सरासरी फायदा ८ टक्के. आणि एका कर्णावरच्या कोपऱ्यांची सरासरी ५८ तर दुसऱ्या कर्णावरची ७३, म्हणजे १५ टक्क्यांचा फरक. हा शेवटचा आकडा म्हणजे दोन घटकांची आंतरक्रिया, आणि ती दोन्ही घटकांच्या स्वतंत्र परिणामांपेक्षा मोठी आहे. शिवाय दिशाही कळली: तापमान वाढवा आणि त्याच वेळी वेळ कमी करा. त्या दिशेने पावले टाकली की ८१, ८६, ८९, ९० अशी चढण लागते, आणि पुढच्या पावलाला, ९० अंश व एका तासाला, पुन्हा ८९. शिखर सापडले. आधीच्या विद्यार्थ्याने सहा प्रयोग करून जे हरवले ते आठ-नऊ प्रयोगांत मिळाले, आणि ते का मिळाले हेही कळले.

एका वेळी एकच प्रश्न विचारण्याच्या शिस्तीवर पहिला मोठा हल्ला रोनाल्ड फिशर यांनी केला. ते १९१९ पासून इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होते. निसर्गाला एकेक प्रश्न सुटा विचारला तर तो पुष्कळदा उत्तरच देत नाही, प्रश्नांचा नीट आखलेला संच त्याच्यापुढे ठेवावा लागतो, अशा अर्थाचे विवेचन त्यांनी १९२६ साली केले. आपल्याकडे ही विचारसरणी शेतीतूनच आली. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचे शेती-संशोधकांसाठीचे संख्याशास्त्रावरील इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केले, आणि कृषी शाखेच्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत पानसे-सुखात्मे ही जोडी आजही हटकून भेटते. सूचीत भेटते तितकी ती वाचलीही जात असेल अशी आशा करू.

प्रतिसाद-पृष्ठाची पद्धत मात्र शेतातून नव्हे, कारखान्यातून आली. जॉर्ज बॉक्स (१९१९-२०१३) रसायनशास्त्र शिकत असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. लष्कराच्या प्रयोगशाळेत विषारी वायूंच्या प्रयोगांतले आकडे जुळेनात, संख्याशास्त्रज्ञ मिळेना, तेव्हा ते स्वतःच फिशर यांची पुस्तके वाचून संख्याशास्त्र शिकले. युद्धानंतर ते इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या रंगद्रव्य विभागात लागले. तिथल्या के. बी. विल्सन या रसायनज्ञाबरोबर त्यांनी १९५१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात जो निबंध लिहिला, तो या पद्धतीचा उगम.

त्या निबंधातली खरी कल्पना समीकरणांत नाही, चालण्यात आहे. शेतीत एका प्रश्नाचे उत्तर मिळायला एक हंगाम जातो. म्हणून सगळे प्रश्न एकदम पेरून ठेवणे शहाणपणाचे. रसायनाच्या प्रयोगशाळेत उत्तर संध्याकाळपर्यंत किंवा फार तर चार दिवसांत मिळते. मग सगळे प्रयोग आधीच कशाला ठरवायचे? थोडे प्रयोग करा, उतार कुठला ते पाहा, चढाच्या दिशेने सरका, पुन्हा थोडे प्रयोग करा. जमीन सपाट होऊ लागली, म्हणजे शिखर जवळ आले, की मग तिथे वक्रता मोजण्यासाठी द्विघाती समीकरण बसवा. समीकरण हे प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यातले साधन होते. पुढे १९५७ साली बॉक्स यांनी हाच विचार चालू कारखान्यात नेला: उत्पादन न थांबवता रोज अगदी लहान-लहान बदल करत राहायचे आणि कारखान्यालाच हळूहळू वर चढू द्यायचे.

आज परीक्षणासाठी आमच्यासमोर जे शोधनिबंध आणि प्रबंध येतात, त्यांतला मोठा वाटा या पद्धतीचे नाव घेतो. सांडपाण्यातला रंग काढणे, बुरशीकडून विकर मिळवणे, पानांतून औषधी द्रव्य काढणे, लाडवातल्या नाचणीचे प्रमाण ठरवणे. विषय कोणताही असो, साचा एकच. आधी एकेक घटक बदलून प्रत्येकाची 'सर्वोत्तम' किंमत काढायची. मग तिच्याभोवती लहानशी चौकट आखायची. संगणकाची आज्ञावली पंधरा किंवा वीस प्रयोगांची यादी देते, ते सगळे एकाच दमात उरकायचे. आकडे भरायचे. मग रंगीत, उशीसारखी फुगलेली त्रिमिती चित्रे येतात, आणि खाली लिहिलेले असते: सर्वोत्तम परिस्थिती सापडली.

यातली विसंगती पाहावी. जी पद्धत एकेक घटक बदलण्याच्या सवयीवर औषध म्हणून निघाली, तिची सुरुवातच त्या सवयीने होते! आपल्या सालीच्या उदाहरणात हा साचा वापरला, तर चौकट ३० ते ५० अंश आणि पाच ते सात तास अशी पडेल. त्या चौकटीतली सर्वांत उंच जागा तिच्या कोपऱ्यात आहे, ८१ टक्के. निबंधात लिहिले जाईल की प्रतिसाद-पृष्ठ पद्धतीने उत्पादन ७४ वरून ८१ वर नेले, म्हणजे साडेनऊ टक्क्यांची वाढ. छापूनही येईल. पण चौकटीच्या कोपऱ्यात सापडलेले शिखर हे शिखर नसते, ती पाटी असते: पुढे चला. समीकरण चौकटीबाहेर बोट दाखवत असते, आणि लेखक चौकटीतच बसून त्या बोटाचा फोटो काढतो.

घटक दोनाऐवजी तीन झाले की लोकांची आवडती रचना म्हणजे बॉक्स आणि बेन्केन यांनी १९६० साली दिलेली. तीत एका घनाच्या बारा कडांचे मध्यबिंदू आणि घनाचा मध्य तीनदा, असे पंधरा प्रयोग असतात. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकही प्रयोग नसतो. कोपरे धोक्याचे असतील, तिथे मिश्रण जळत किंवा फुटत असेल, तर हा गुणच आहे. पण उत्तर कोपऱ्यात निघाले, तर ते जिथे कोणी गेलेच नाही अशा जागेचे उत्तर आहे, हे लक्षात ठेवायला नको का?

त्याहून मोठी फसगत आर-वर्ग या आकड्याची. समीकरण आकड्यांशी किती जुळले ते हा आकडा सांगतो. १ म्हणजे संपूर्ण जुळणी. निबंधांत तो ०.९८, ०.९९ असा दिमाखाने मिरवतो. पण दोन बिंदूंतून काढलेली रेषा नेहमीच तंतोतंत जुळते, त्याचे कौतुक कोणी करत नाही. तीन घटकांच्या पूर्ण द्विघाती समीकरणात दहा सहगुणक असतात. पंधरा निरीक्षणांवर दहा मोकळे सहगुणक बसवायचे, तर जुळणी व्हायचीच. किती? प्रयोग न करता, उत्पादनाच्या रकान्यात निव्वळ यादृच्छिक आकडे भरले, तरी आर-वर्गाची सरासरी किंमत ९ भागिले १४, म्हणजे सुमारे ०.६४ येते. घटकांचा उत्पादनाशी काडीचा संबंध नसताना ०.६४! सहगुणकांची संख्या हिशेबात घेऊन सुधारलेला आर-वर्गही आज्ञावली शेजारीच छापते. साधा ०.९० असेल तिथे सुधारलेला ०.७२ असतो. तो सारांशात क्वचितच येतो.

समीकरण खरोखर बसते का, याची वेगळी कसोटी असते. मध्यावरचे प्रयोग पुन्हा केल्यावर आकडे आपसांत किती हलतात ते पाहायचे आणि समीकरणाची चूक त्यापेक्षा बरीच मोठी आहे का ते तपासायचे. कल्पना उत्तम. पण मध्यावर तीनच प्रयोग असतील, तर पाच टक्क्यांच्या नेहमीच्या पातळीवर, समीकरणाची चूक (वर्गांच्या सरासरीत मोजून) त्या हालचालीच्या एकोणीस पटींपेक्षा मोठी असल्याशिवाय कसोटी तक्रार करत नाही. इतक्या झोपाळू पहारेकऱ्याने आरडाओरडा केला नाही, यावरून चोर आला नव्हता असे ठरवायचे का?

आणखी एक गोष्ट छापील निबंधात कधीच दिसत नाही, ती प्रयोगशाळेत उभे राहिले तरच दिसते. आज्ञावली प्रयोगांचा क्रम मुद्दाम उलटसुलट देते. प्रयोगशाळेत शेकर मात्र एकच असतो. तो दिवसातून चारदा वेगवेगळ्या तापमानाला कोण लावणार? मग ३० अंशांचे सगळे चंबू सोमवारी, ४० चे मंगळवारी, ५० चे बुधवारी. सोमवारचे माध्यम ताजे होते, बुधवारचे शिळे. आता तापमानाचा परिणाम कोणता आणि शिळेपणाचा कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. विद्यार्थ्याचा यात दोष थोडा. अशा सक्तीच्या क्रमासाठी वेगळ्या रचना आहेत, शेतीवाल्यांना त्या फार पूर्वीपासून माहीत आहेत. पण क्रम बदलला हे आधी लिहायला तर हवे.

आणि ते दशांश! सामू ६.८७, तापमान ३६.४२ अंश, वेळ ९१.३७ मिनिटे. शिखराजवळ जमीन सपाट असते, हा शिखराचा व्याख्येनेच येणारा गुणधर्म आहे. आपल्या सालीसाठी ७० अंश व तीन तास घेतले तर ८९, ८० अंश व दोन तास घेतले तर ९०. खऱ्या प्रयोगात एवढा फरक मोजमापाच्या चुकीत बुडून जाईल. त्यामुळे दशांशांना अर्थ नाही, पण सपाटपणाला मोठा अर्थ आहे: जळण महाग असेल तर ७० अंशांवर काम भागते, वेळ महाग असेल तर ८० वर जा. ही निवड कारखानदाराच्या खऱ्या उपयोगाची. ती सांगणारे वाक्य निबंधात नसते, आणि ज्याचा उपयोग नाही तो दुसरा दशांश असतो.

हा रोग फक्त रसायनांच्या प्रयोगशाळांत आहे असे समजू नये. जीवशास्त्रात सिवॉल राइट यांनी १९३२ साली सजीवांच्या अनुकूलतेचे चित्र डोंगर-दऱ्यांच्या नकाशासारखे काढले. १९८३ साली लँडे आणि आर्नोल्ड यांनी नैसर्गिक निवड प्रत्यक्ष आकड्यांत मोजायची रीत दिली, तीही मूलतः असे पृष्ठ बसवण्याचीच. त्यांच्या सूत्रात वर्गाच्या पदाला अर्धा हा गुणक आहे. संगणक जो सहगुणक देतो त्यात तो अर्धा मिसळलेला असतो, म्हणून निवडीची वक्रता हवी असेल तर संगणकाचा आकडा दुप्पट करावा लागतो. बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशी गोष्ट. २००८ साली स्टिंचकोंब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने निबंध तपासले, तेव्हा बहुसंख्य लेखकांनी ही दुप्पट केलीच नव्हती असे आढळले. स्थिरकारी आणि विदारक निवड निसर्गात किती तीव्र असते याबद्दलचे पाव शतकाचे कितीतरी आकडे निम्मे छापले गेले होते. सगळे निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेले. यंत्रातून आलेला आकडा कोणत्या सूत्रातला आहे, हे विचारायचे राहून गेले इतकेच.

बॉक्स यांना हे होणार याची कल्पना असावी. १९७६ च्या एका व्याख्यान-निबंधात त्यांनी पाककृतीच्या पुस्तकासारखे संख्याशास्त्र वापरण्याच्या खोडीला एक चेष्टेचे नाव दिले, आणि प्रत्येक समस्या एक-दोन ठरीव साच्यांत कोंबण्याबद्दल कान उपटले. प्रत्येक प्रतिमान थोडेफार खोटे असतेच हे त्यांचे मत प्रसिद्ध आहे. त्याच निबंधात त्यांनी असेही सुचवले की वाघ मोकाट असताना उंदरांची काळजी करत बसू नये. आमच्या मते आर-वर्गाचा तिसरा दशांश हा उंदीर, आणि चौकट चुकीच्या जागी पडणे हा वाघ.

विद्यार्थी असे का करतात, हे विचारण्याऐवजी त्यांना आपण काय शिकवले ते पाहणे बरे. शाळेपासून प्रयोग म्हणजे उत्तर ठाऊक असलेली कृती; महाविद्यालयात प्रबंध म्हणजे ठरलेल्या महिन्यांत संपवायची कृती. चढायला निघालो, दोनदा वाट चुकली, तिसऱ्यांदा धार सापडली, असे लिहिणाऱ्या मुलाला आपण गुण कमी देतो. ज्याची वही गुळगुळीत त्याला पूर्ण.

आठवी-नववीपासून पुढे कोणत्याही वर्गात करता येईल असा एक खेळ सुचवतो. शिक्षकांनी निसर्ग व्हावे. वर दिलेले सूत्र, एक गणकयंत्र आणि दोन फासे जवळ ठेवावेत. मुलांच्या गटांना फक्त एवढेच सांगावे की तापमान आणि वेळ ठरवा, मी उत्पादन सांगतो. सुरुवात सहा तासांपासून करा. प्रत्येकाला बाराच प्रश्न. उत्तर सांगण्याआधी प्रत्येक वेळी दोन्ही फासे टाकावेत, त्यांच्या बेरजेतून सात वजा करावेत आणि जो अंक येईल तो (कधी अधिक, कधी उणा) उत्पादनात मिळवावा. ही प्रयोगातली चूक. एकाच जागेचा प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर बदलेल. मुले चिडतील, चिडू द्यावे. एका गटाला एकेक घटक बदलायला सांगावे, दुसऱ्याला चार कोपरे आणि मग चढ, तिसऱ्याला काहीच सांगू नये. बारा प्रश्न संपल्यावर प्रत्येक गटाने आपली जागा आणि तिच्याविषयीची खात्री लिहून द्यावी.

मग दुसऱ्या डावात, कोणाला न सांगता, सूत्रातल्या दुसऱ्या कंसात 'उणे ६' च्या जागी 'अधिक २' घालावे. शिखर बरोबर ४० अंश आणि सहा तासांवर येते. चारही कोपरे मध्यापेक्षा खाली लागतात, आणि पहिल्या डावात हरलेला गट या वेळी योग्य जागी पोचतो. दोन्ही डावांत त्या गटाची वही जवळपास सारखीच दिसते, हे वर्गाच्या नजरेस आणून द्यावे, आणि कोणत्या डावात ती बरोबर होती हे वही पाहून ओळखता येते का, असे विचारावे. समोच्च रेषांचा नकाशा फळ्यावर काढायचा तो सगळ्यांचे सगळे प्रश्न संपल्यावरच.